हलका हात

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

दुखलं की लिहून ठेवत जा, असं आज हार्टच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे तोंडाने बोलायचं बंद कर आणि कागदावर बडबड कर, एवढाच त्याचा अर्थ. ठीक आहे, लिहिते. पण मग जे जे दुखतं ते सगळं लिहिणार. नुसता खांदा लिहून भागायचं नाही.

मी माधुरी साळवे, एसटीत कंडक्टर. दीड वर्षापूर्वी तिसगावच्या स्टँडवर तिकीट देता देता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि एका पॅसेंजरच्या मांडीवर कोसळले. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते. नगरला आणून डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, छातीत पेसमेकर बसवला. काडेपेटीएवढं मशीन. त्याच्यामुळे मी जिवंत आहे हे मला मान्य आहे, आणि रोज कोणी ना कोणी ते माझ्याकडून पुन्हा मान्य करून घेतं. पण त्या दिवसापासून मशीनपासून पाठीमागच्या फऱ्यापर्यंत, म्हणजे खांद्याच्या मागच्या हाडापर्यंत, जी कळ बसलीय ती उठायचं नाव घेत नाही.

आज पुन्हा तेच. छातीवर ती गोल चकती ठेवली, कॉम्प्युटर बघितला. बॅटरी भरपूर, तारा जागेवर, मशीन ओके. मी म्हटलं, साहेब, मशीन ओके आहे, मी ओके नाही. ते हसले. मी काही विनोद केला नव्हता.

डेपोत मला लाइट ड्युटी दिलीय, चौकशीच्या खिडकीत. तिकिटाच्या मशीनचा पट्टा नेमका छातीतल्या मशीनवर घासतो, आणि गर्दीत वरचा दांडा धरायला डावा हात वर जात नाही, म्हणून. पण आमचे कंट्रोलर पुंजाराम यांना वाटतं मी मजा मारतेय. आज जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, साळवे बाईंचं मशीन सरकारी दिसतंय, काम कमी आणि तक्रार जास्त. सगळे खो खो हसले. मला उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, भाजी चिरताना. चांगली चार उत्तरं सुचली. काय उपयोग त्यांचा.

२ फेब्रुवारी, रविवार

आज आत्यांनी, म्हणजे माझ्या सासू झुंबरबाई यांनी, मला ओढत तिसगावला नेलं. तिथे हाडं बसवणारा एक म्हातारा आहे. माणसांची बसवतो, म्हशींचीही बसवतो. मी नको म्हणत होते, पण कळ इतकी होती की म्हटलं बसव बाबा, म्हैस समज.

त्याने मला पाठमोरी बसवलं. हात चोळून तयार केले. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, छातीत मशीन हाय बरं का हिच्या. म्हातारा दोन पावलं मागे सरकला. "न्हाई गं बाई, म्या हात लावनार न्हाई. आत करंट हाय. तुला बसला तर बसला, मलाबी बसंल." क्षणभर मला ते जुनंच कारण वाटलं. पण हा तर आमच्याच भावकीतला, त्याच्या दारावर निळा झेंडा. मग लांबूनच तेल सांगितलं आणि चहा पाजला.

घरी आल्यावर आत्यांनी तेलाची बाटली माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, तुझं तूच लाव पोरी, मला भ्या वाटतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या आज्याने ज्या शिवाशिवीपायी गाव सोडलं ती आता करंटचं नाव घेऊन माझ्याच स्वयंपाकघरात आली. आणि पाठीच्या मध्यावर स्वतःचं स्वतः तेल कसं लावतात ते कोणीतरी मला दाखवा.

रविराज, म्हणजे आमचे हे, साखर कारखान्यात वायरमन आहेत. सीझन जोरात चालू आहे, तीन तीन शिफ्टा. ऑपरेशन झाल्यापासून, माझी झोप मोडू नये म्हणून, ते बाहेरच्या खोलीत झोपतात. कामावरून आले की दोन दोनदा अंघोळ करतात, थंडीतसुद्धा. वयाबरोबर माणूस सोवळा होतो की काय कोण जाणे. पण एकंदरीत समजूतदार. निदान मला सोंग करतेस असं म्हणत नाहीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खिडकीवर एक पोरगी आली. पाथर्डीची गाडी किती वाजता, म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती तिथेच उभी. मागे रांग लागली तरी उभी. मी म्हणणारच होते की गाडी बोर्डावर लागते, माझ्या तोंडावर नाही. तेवढ्यात ती म्हणाली, काकू, डावा हात नेहमी असाच पोटाशी धरता का?

मी खाली बघितलं. धरला होता. मला माहीतच नव्हतं.

तिचं नाव डॉ. स्नेहल. नगरला फिजिओथेरपीच्या कॉलेजात आहे. पेसमेकर बसवल्यावर ज्यांचं दुखणं जातच नाही अशा लोकांवर तिचं संशोधन चालू आहे. पाठीच्या मणक्यांना हाताने नेमका झटका देऊन सांधे मोकळे करायचे, आणि त्याने ही कळ कमी होते का ते बघायचं. मी विचारलं, अशी माणसं खूप असतात? ती म्हणाली, खूप असतात काकू, फक्त त्यांना सगळे सांगतात की मशीन ओके आहे.

तिला गाडी चुकली. माझ्यामुळे चुकली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर.

४ मार्च, मंगळवार

नाव घातलं. आधी हार्टच्या डॉक्टरांची परवानगी, मग हाडं तपासली, फोटो काढले. मग स्नेहल मॅडमनी समोर बसवून सगळं समजावलं. अर्ध्या लोकांना खरा झटका मिळणार. अर्ध्यांना नुसता हलका हात, वरून सगळं तसंच दिसणारं. कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार आणि संशोधन संपेपर्यंत पेशंटला सांगणार नाहीत. मान्य आहे का? मी म्हटलं मान्य, आणि सही ठोकली. मनात म्हटलं, वीस वर्षं कंडक्टरकी केलीय. खोटा पास दोन सीट लांबून ओळखते, खोटा हात ओळखणार नाही?

टेबलावर पालथं झोपवलं. मॅडमनी दोन्ही तळवे फऱ्यांच्या मधोमध ठेवले. कोमट होते. बराच वेळ तसेच ठेवले, श्वास घ्या, सोडा म्हणाल्या. मग एकदम खट् आवाज झाला आणि पाठ जागेवर बसल्यासारखी वाटली. खरा झटका. शंकाच नाही.

पण त्याच्या आधीच, नुसते हात ठेवले होते तेव्हा, मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. मॅडम घाबरल्या, थांबू का म्हणाल्या. मी म्हटलं नाही, नस दाबली गेली असेल. दुसरं काय असणार.

नंतर दुसऱ्या एका मुलीने हात कुठपर्यंत वर जातो ते मोजलं. खांद्याच्याही वर जाईना. ऑपरेशननंतर हात वर करू नका सांगितलं होतं, ते मी अजून पाळतेय. ती म्हणाली, अहो ते पहिल्या महिन्या-दीड महिन्यापुरतं असतं. मला कोणी थांबा म्हणून सांगितलं, आता चला म्हणून कोणीच सांगितलं नाही. घंटीच मारली नाही तर गाडी हलणार कशी?

२८ मार्च, शुक्रवार

मॅडमकडे दर आठवड्याला जातेय. आज डाव्या हाताने केस विंचरले. दोरीवर कपडे टाकले. कळ आहे, पण पूर्वी दात काढून अंगावर यायची, आता कोपऱ्यात बसून गुरगुरते.

डेपोत सगळ्यांना सांगितलं. झटक्याची तर मी पार नक्कल करून दाखवली, खट् आवाजासकट. दोन ड्रायव्हर पत्ता घेऊन गेले. पुंजारामही ऐकत होते, पण तोंड वाकडं करून.

रविराजनी दोन-तीनदा एकच विचारलं. ती तिथं हात लावते? मशीनच्या जवळ? काही होत नाही? मी म्हटलं काय व्हायचंय, शिकलेली बाई आहे ती. मग उठून अंघोळीला गेले. कारखान्याचा पट्टा पडला, सीझन संपला, आता दिवसाचीच ड्युटी असते. तरी झोपायला बाहेरच. सवय लागली असेल. मशीनचा उंचवटा दिसायला चांगला दिसत नाही, हे मलाही कळतं. मी ब्लाऊजचा गळा वर करून घेतलाय. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणुकीत डावा हात डोक्याच्या वर उचलून जय भीम म्हटलं. उजवा नाही, डावा. दुखलं, पण म्हटलं.

२० मे, मंगळवार

आज अक्षर कसंही येवो.

संशोधन संपलं म्हणून मॅडमनी बोलावलं. मी पेढे घेऊन गेले. गाढव मी. त्यांनी दार लावलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, काकू, तुम्ही हलक्या हाताच्या गटात होता.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, आणि तो आवाज? म्हणाल्या, टेबलाचा. टेबलाचा एक भाग खाली पडतो, त्याचा आवाज. माझा मणका नव्हताच तो! गेले दोन महिने मी गावभर टेबलाची नक्कल करत हिंडतेय.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी रडले तेव्हाही माहीत होतं. मी झाले बरी म्हणून तुझ्या गळ्यात पडले तेव्हाही माहीत होतं. आता मी डेपोत काय सांगू? बाई दीड वर्ष कण्हत होती, नुसता हात ठेवला आणि बरी झाली, हे सांगू? म्हणजे पुंजाराम खरा, मी खोटी. सगळे म्हणायचे ना, हिच्या डोक्यात आहे, घे, आता तर सायन्सने शिक्का मारून दिला.

तिने पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला, त्यामुळे मी आणखीच चिडले. मग म्हणाली, "दुखणं खरं होतं, काकू. कमी झालं तेही खरं. मी मोजलंय ते. फक्त माझ्या झटक्याने ज्यांचं कमी झालं त्यांच्याइतकंच हलक्या हाताने तुमचं झालं, आणि का झालं ते मला सांगता येत नाही. तीन वर्षं मी झटक्यामागे घालवली."

तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, तुझं काय ते तू बघ.

निघताना तिने विचारलं, या काळात घरी कोणी पाठ चोळायचं का, कोणी हात वगैरे लावायचं? मी म्हटलं छे. मशीन बसल्यापासून कोण हात लावतंय. नर्सने टाके काढले, त्यानंतर तूच. तर ती लिहायची थांबली आणि माझ्याकडे अशी बघत बसली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. पेढे तिथेच राहिले.

२३ मे, शुक्रवार

कळ परत आलीय. पूर्वीएवढी नाही, पण आलीय, आणि मी तिच्यावरही चिडलेय. तुला इतकं साधं औषध चालत होतं तर आधी का नाही बोललीस?

लग्नसराईमुळे डेपोत कंडक्टर कमी आहेत. पुंजाराम आज सगळ्यांसमोर म्हणाले, साळवे बाई, तुमचा तर मणका बसला, आता लाइनवर निघा. गप्प राहता आलं असतं. पण उद्या कुठून तरी कळणार, आणि हे लोक माझ्या पाठीमागे टेबलासारखा खट् आवाज काढणार. म्हणून मीच सांगितलं. झटका नव्हता, नुसता हात होता, मला कालपरवाच कळलं.

पुंजारामांच्या चेहऱ्यावर दिवाळी. म्हणाले, "म्हणजे नुसता हात फिरवला आणि बरं? मग दीड वर्ष हे काय सोंग होतं, बाई?"

आणि या वेळी उत्तर तिथल्या तिथे सुचलं. मी म्हटलं, "साहेब, लाइट ड्युटीसाठी सोंग करणारी बाई बरं वाटतंय म्हणून डेपोभर सांगत हिंडेल का? ती खिडकीत बसून कण्हत राहील. मी बरं वाटलं तेव्हा बरं म्हटलं, दुखलं तेव्हा दुखतं म्हटलं. उद्यापासून तिसगाव लाइन लावा माझी. आणि दुखलं तर पुन्हा सांगणार, तेव्हाही ऐकून घ्यायचं."

कोणी हसलं नाही. पुंजारामांनी पेन उघडलं, बंद केलं, आणि लाइन लावली. मी जिंकले म्हणायला हरकत नाही. मग घरी येईपर्यंत रडायला का येत होतं, ते डोळ्यांनाच विचारावं लागेल.

२५ मे, रविवार

काल तिसगाव लाइन केली. पट्टा उजव्या खांद्यावर घेतला, तरी गर्दी ती गर्दीच. भावकीतल्या बायका अर्ध्या तिकिटात पूर्ण जागा मागत होत्या. दोनदा डाव्या हाताने दांडा धरला. धरता आला. घरी पोहोचले तेव्हा मात्र फऱ्यात खिळा ठोकल्यासारखं झालं होतं.

आज सुट्टी. दुपारी जेवणं होत आली होती. आत्यांनी विचारलं, पोरी, झटका उतरला का गं? आणि माझा बांध फुटला. अजून घरात सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. म्हटलं, झटका कसला घेऊन बसलात, झटका नव्हताच! तिने नुसता हात ठेवला होता. नुसता हात! जो या घरात कोणालाही ठेवता आला असता. तुम्हाला बाटली हातात देववत नाही, आणि तुम्हाला, मी रविराजना म्हटलं, तुम्हाला माझ्या खोलीत झोपवत नाही. सीझन मार्चात संपला, अहो. मी काय वेडी आहे का? किळस येते तर येते म्हणा एकदाचं. मी ऐकून घेईन, डेपोत सवय झालीय मला.

आत्या उठून अंगणात गेल्या. रविराजनी ताट बाजूला सारलं. उष्टा हात तसाच राहिला. मग म्हणाले, "किळस कसली, माधुरी."

मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखे बोलले. दवाखान्यातून सोडताना त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, मोठी मोटार, चुंबक, जाड वायर, यापासून पेशंटला लांब ठेवा, मशीन बिघडू शकतं. आणि हे तर आख्खा दिवस मोटारीला चिकटून. कारखान्यात यांचा पाना मोटारीपाशी ठेवला की नंतर त्याला खिळे चिकटतात. यांना वाटलं, पान्यात येतं तसं माणसातही येत असेल. आपण जवळ गेलो आणि हिचं मशीन थांबलं तर? म्हणून त्या दोन दोन अंघोळी. म्हणून बाहेरची खोली. आत्यांना करंटची भीती यांनीच घातलेली. कोणाला विचारायची लाज वाटली, वायरमन असून एवढं कळत नाही का म्हणतील. आणि मी कण्हायला लागले की यांना वाटायचं, आज आपण दारातून जरा जास्तच आत आलो.

"तुझं दुखणं खोटं आहे असं मला एकदाही वाटलं नाही," म्हणाले. "मला वाटायचं ते माझ्यामुळेच आहे."

मला ओरडायचं होतं. वीस माणसांना पुरेल एवढा राग होता. पावणेदोन वर्षं! अहो, चुंबक पान्यात जातं, माणसात नाही, हे शाळेतलं पोरगं सांगेल. मला विचारायचं होतंत. डॉक्टरांना विचारायचं होतंत. मी तिथे आत तोंडात पदर कोंबून कण्हत होते आणि तुम्ही बाहेर भिंतीकडे तोंड करून! जिने सोंग म्हटलं नाही अशी एक व्यक्ती या जगात होती, आणि तीच सगळ्यांत लांब झोपत होती. हे सगळं बोलले की नुसतंच मनात आलं, आता आठवत नाही.

मग मी यांचा हात धरून मोरीत नेला, धुतला, आणि आणून ठेवला मशीनवर. ब्लाऊजच्या त्या उंच गळ्याखाली, थेट.  यांनी डोळे गच्च मिटलेले. मी म्हटलं, दाबा, फुटत नाही. यांनी जरा दाबला. आत ठोका पडला, मग दुसरा, मग तिसरा.

"दुखतंय का? काढू का?" म्हणाले.

दुखत होतं. मी म्हटलं, काढलात तर याद राखा.